जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठ व राणी केतेवानच्या अस्थी

जुने गोवे येथील एका टेकडीवर जांभ्या दगडाच्या भग्न मनोऱ्याचा अर्धा भाग आजही उभा आहे. ऑगस्टिनियन भिक्षुसंघाच्या नोसा सेन्होरा दा ग्रासा या मठाच्या चर्चचा तो अवशेष होय. हे भिक्षू १५७२ मध्ये गोव्यास आले आणि त्यांचे विशाल चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. त्याचा मनोरा सुमारे ४६ मीटर उंच होता.

या मठाचा विध्वंस कोणा शत्रूने केला नाही. पोर्तुगीज शासनाने धर्मसंघ बरखास्त केल्यामुळे १८३५ मध्ये तो ओस पडला आणि पुढे दुर्लक्षामुळे ढासळत गेला. १८४२ मध्ये चर्चचे कमानी छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. मनोऱ्यातील प्रचंड घंटा मात्र १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे.

या ढिगाऱ्यात एक ऐतिहासिक प्रश्न गाडला गेला होता. जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान हिने धर्मांतरास नकार दिल्यामुळे इराणचा शाह अब्बास याने १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा वध करविला. तेथील ऑगस्टिनियन भिक्षूंनी तिच्या अस्थी मिळविल्या व त्यांतील काही १६२७ मध्ये गोव्यास आणल्या. त्या मठाच्या सभागृहालगतच्या प्रार्थनामंदिरात, दुसऱ्या खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवल्याचा उल्लेख पोर्तुगीज साधनांत आहे. परंतु वास्तूच ढासळल्याने ती खिडकी ओळखणे दुष्कर झाले होते.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ढिगारा उपसून मठाचा तलविन्यास उलगडला, तेव्हा त्या उल्लेखास स्थळाचा आधार मिळाला. २००४ मध्ये तेथे एक लांब हाड सापडले. हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राने केलेल्या परीक्षणात त्या हाडाचा मातृवंश यू१बी या गटाचा ठरला. हा गट तुलनेसाठी घेतलेल्या भारतीय नमुन्यांत आढळला नाही, जॉर्जियातील नमुन्यांत मात्र आढळला. तेथील अन्य दोन अस्थी भारतीय उपखंडातील मातृवंशाच्या निघाल्या.

मातृवंशावरून व्यक्तीची ओळख सिद्ध होत नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. केवळ उल्लेख, केवळ उत्खनन किंवा केवळ जनुकीय परीक्षण यांपैकी कोणतेही एक साधन येथे अपुरे होते. तिन्हींच्या एकवाक्यतेमुळेच प्रस्तुत अनुमानास बळ येते. जुलै २०२१ मध्ये भारताने अवशेषांचा एक भाग जॉर्जियास अर्पण केला. ज्या मठाचे जतन झाले नाही, त्याच्याच भग्नावशेषांनी एका दूरदेशीय राणीची स्मृती राखली.