तळटीप १७ : खडकवासल्याची चौपाटी

१७. येथे ‘चौपाटी’ म्हणजे पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगडाच्या वाटेवरील खडकवासला धरणाचा काठ. एकोणिसाव्या शतकात मुठेवर बांधलेल्या या धरणाच्या जलाशयाला इंग्रजी अमदानीत फाइफ या अभियंत्याच्या नावावरून ‘लेक फाइफ’ म्हणत. १२ जुलै १९६१ रोजी वरच्या अंगाचे पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुढे धरण पुन्हा उभारण्यात आले.

साठा जेमतेम दोन टीएमसी (अब्ज घनफूट). तरी पुणेकरांचे लक्ष याच्याच पातळीकडे, कारण पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांमधून सोडलेले पाणी आधी इथे येते. मग जलवाहिनीने पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे आणि कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतांकडे जाते.

पावसाळी रविवारी काठावरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. निखाऱ्यांवर कणसे तडतडतात, विक्रेता लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून दाण्यांवर चोळतो. शेजारच्या कढईत कांदाभजीचा घाणा चालूच असतो. त्याच जलाशयाच्या दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या हाकायला शिकतात.