अंबाडी, देवडी आणि नक्को

हैदराबादेतल्या अंबरपेठेच्या भाजीबाजारात लालसर देठांच्या आंबट पानांची जुडी मिळते. मराठी घरात ती अंबाडी. तेलंगणातल्या तेलुगू घरात पुंटिकूरा, किनारी आंध्रातून आलेल्या घरात गोंगुरा आणि उर्दू बोलणाऱ्या घरात अंबाडे की भाजी. जुडी एकच, भावही एकच; पण गिऱ्हाइकाच्या तोंडून कोणता शब्द निघाला, यावरून त्याच्या घराचा अंदाज बांधता येतो. या शब्दांना मानही सारखा मिळाला नाही. 1956 साली तेलंगणा आणि आंध्र एका राज्यात आले, तेव्हा किनारी आंध्राकडची तेलुगू ही पाठ्यपुस्तकांची आणि सिनेमातल्या नायकाची भाषा ठरली. तेलंगणाची बोली बराच काळ विनोदी पात्रांच्या आणि गुंडांच्या वाट्याला आली.

हैदराबादच्या मराठी माणसांना हा अनुभव नवा नव्हता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात होते. शिक्षण, कचेरी आणि व्यापार यांसाठी तिथली कुटुंबे राजधानीत येत राहिली. सुलतान बाजार, काचीगुडा, शाहअलीबंडा ही त्यांची जुनी वस्ती. काचीगुड्याला लागून असलेले अंबरपेठ त्याच पट्ट्यातले. 1907 साली विवेकवर्धिनी ही शाळा निघाली आणि मराठी मुलांना शहरात हक्काची जागा मिळाली. मात्र या घरांत कोणत्या वस्तूला काय म्हणायचे, हे शाळेने ठरवले नाही. ते बरेचसे सत्तेच्या सावलीत ठरत गेले.

'देवडी' हा शब्द त्याचा चांगला साक्षीदार. पुण्याच्या वाड्यात देवडी म्हणजे दिंडीदरवाजाच्या आत पहारेकऱ्यांची बसायची जागा. मालक आत सोप्यावर आणि शिपाई देवडीवर, अशी ती रचना. हैदराबादेत मात्र देवडी म्हणजे उमरावाचा अख्खा महाल. निजामाच्या आसफजाही दरबारात दफ्तराचा कारभार पाहणाऱ्या राय रायान या मराठी घराण्याचीही देवडी होती. पुण्यात जो शब्द दारापाशी उभा राहिला, तो इथे गादीवर बसला.

घरगुती शब्दांची ही उलथापालथ जुनी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून पाहिले, तेव्हा 1628 सालच्या पत्रात मराठी शब्द शेकडा 15 देखील भरले नाहीत. बाकी सारे फारसी. 1677 साली मराठीचे प्रमाण शेकडा 62 वर गेले आणि 1728 साली 93 वर. मधल्या काळात शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. सुमारे 1400 शब्दांचा हा कोश दरबारासाठी होता. मुजुमदाराचा अमात्य झाला. पण घरातला दरवाजा, त्यावरचा पडदा, पलंगावरची चादर आणि पाहुण्यांचा दिवाणखाना यांना कुणी धक्का लावला नाही. लिहिण्याची भाषा आज्ञेने बदलता आली, राहत्या घराची तशी बदलली नाही.

घरातल्या सर्वांत अवघड जागेचे शब्द पाहिले, तर प्रतिष्ठेची ही धडपड उघड दिसते. 'परसाकडे जाणे' असे म्हणायला आधी घरामागे परस असावे लागते. ज्यांच्या घरी ती सोय बांधलेली होती, त्यांनी फारसी शब्द घेतले: शेतखाना आणि तारतखाना. पहिल्याचा शेताशी काही संबंध नाही. तो 'सेहत' म्हणजे आरोग्य या शब्दापासून आला. दुसरा 'तहारत' म्हणजे शुद्धी यापासून. पुढे संडास, मग शौचालय, मग टॉयलेट आणि आता वॉशरूम. प्रत्येक नवा शब्द सभ्य म्हणून घरात आला आणि वापरून मळला की कमी प्रतीचा ठरला.

इंग्लंडमध्ये ॲलन रॉस या भाषाभ्यासकाने 1954 साली उच्च वर्गाचे आणि इतरांचे शब्द वेगळे काढून दाखवले. नॅन्सी मिटफर्ड या लेखिकेने पुढच्याच वर्षी ते भेद लोकांपर्यंत नेले. तिथे उमराव जुना 'नॅपकिन' हा शब्द धरून होते आणि वर चढू पाहणारा मध्यमवर्ग त्यालाच 'सर्व्हिएट' म्हणत होता. तिथल्या उमरावांना शब्द बदलण्याची गरज पडली नाही, कारण त्यांच्यावर दुसरी भाषा घेऊन कुणी राज्य करत नव्हते. हैदराबादेत राज्याची भाषाच बदलत गेली.

1884च्या सुमारास निजामाच्या कारभारात फारसीच्या जागी उर्दू आली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेही उर्दू माध्यमातून. अंबरपेठेच्या शेजारीच त्याचा विस्तीर्ण परिसर आहे. कचेरीत जाणारा मराठी पुरुष उर्दूत अर्ज लिहू लागला, उर्दूतच वाद घालू लागला. घरात बायकांची बोली मराठवाड्याची राहिली: भाकर, माळवं, भगर, माय. पुण्याकडे भाकरी, भाजी, वरई आणि आई म्हणणाऱ्याला ही बोली खेडवळ वाटे.

पण पुण्याची मोजपट्टी इथे चालत नाही. पश्चिम महाराष्ट्रात 'पोळी' आणि 'चपाती' या दोन शब्दांवरून जात ओळखण्याची वाईट सवय अनेकांना आहे. तिथल्या अनेक ब्राह्मणेतर घरांत पोळी म्हणजे पुरणाची आणि रोजची ती चपाती. मराठवाड्यात रोजच्या गव्हाच्या पोळीला सर्रास पोळीच म्हणतात. तिथे खरा भेद होता तो गव्हाचा. ज्वारी पिकवणाऱ्या गरीब घरात पोळी सणालाच होई, एरवी भाकर. शब्द सगळ्यांचा एक होता, ताट एक नव्हते.

'पाणी'ला 'पानी' म्हटले म्हणून महाराष्ट्रातल्या वर्गांत कितीतरी मुलांची टिंगल झाली. हैदराबादेत नवाबाच्या दस्तरख्वानावर पानीच मागत. एकच उच्चार एके ठिकाणी अडाणीपणाची खूण आणि दुसरीकडे खानदानी रीत ठरत असेल, तर दोष उच्चारात नाही. तो ऐकणाऱ्याच्या मनातल्या उतरंडीत आहे. मुलांच्या बोलीला हसणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे लक्षात घ्यायला हवे.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामाची सत्ता संपली आणि उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला. हैदराबादेतली मराठी घरे मागे राहिली. आज अंबरपेठेत जुन्या बैठ्या घरांच्या जागी मजले उभे आहेत. त्यांत हॉल, किचन आणि बाल्कनी आहे. ओसरी, माजघर आणि परस नाही. जागाच गेली, तिथे तिचे नाव घेण्याचे कारण उरले नाही.

मराठीने मात्र या शहराला काही दिले आणि ते टिकले. आपल्या 'नको'चा दखनीत, म्हणजे इथल्या उर्दू बोलीत, 'नक्को' झाला. जोर देणारा 'च' तिथे 'अभीच', 'वहीच' असा जाऊन बसला. उत्तर हिंदुस्थानातून आलेली शिकलेली मंडळी या बोलीला गावंढळ समजत. तरीही ती शतकानुशतके टिकली. देवड्या पडल्या आणि दफ्तरे गेली. चारमिनारपासून अंबरपेठेच्या छे नंबर चौकापर्यंत, ज्यांच्या घरात मराठीचे अक्षरही कुणाला येत नाही, ती माणसे आजही नकार देताना 'नक्को' म्हणतात.