दुर्बिणीद्वारे कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया

कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून दबलेली नस बारीक छिद्रातून मोकळी करण्याची शस्त्रक्रिया. बोलीत ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली आणि पाचव्याखालची गादी सर्वाधिक सरकते. कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरते, तीच सायटिका.

सरकलेली गादी उघड्या शस्त्रक्रियेने काढता येते, हे बॉस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी 1934 मध्ये मांडले. जपानमध्ये हिजिकाता यांनी 1975 मध्ये त्वचेतून नळी घालून गादीचा भाग काढला. पुढे अमेरिकेत परविझ काम्बिन यांनी नसेला धक्का न लावता आत शिरण्याची त्रिकोणी जागा दाखवली. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात पुण्याचे सतीशचंद्र गोरे यांनी स्थानिक भुलेखालील बिनटाक्याच्या पद्धतीचा पाठपुरावा केला.

रुग्णाला पालथे झोपवून सी-आर्म या क्ष-किरण यंत्रावर पाहत कमरेच्या बाजूने सुई घालतात. तिच्या मागावरून सुमारे 8 मिलिमीटरच्या छिद्रातून नळी व दुर्बीण जाते. सलाईनच्या वाहत्या धारेत पडद्यावर नस दिसते आणि तिच्यावर बसलेला गादीचा पांढरट तुकडा चिमट्याने ओढून काढतात. भूल स्थानिक असल्याने रुग्ण जागा असतो. पायात कळ गेली की तोच ओरडून सांगतो, आणि सर्जनला यापेक्षा भरवशाची खूण नाही. स्नायू फारसे कापले जात नसल्याने बरेच जण त्याच दिवशी चालतात. मणका सरकून अस्थिर झाला असेल तर मात्र बहुधा स्क्रू लागतात.

यवतमाळ जिल्ह्यात निंदण, कापसाची वेचणी, ओझी उचलणे ही सारी कामे वाकूनच होतात, त्यामुळे कंबरदुखी घरोघर. पण नुसत्या कंबरदुखीवर हे ऑपरेशन नाही. ते पायात उतरणाऱ्या कळेसाठी, आणि एमआरआयमधला दोष त्या कळेशी जुळला तरच. गादी सरकलेली दिसली म्हणून टेबलावर जाण्याची घाई नको. बहुतेकांची सायटिका औषधे व व्यायामाने सहा ते बारा आठवड्यांत ओसरते.

जिल्ह्यात 1989 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (श्री. वसंतराव नाईक) आहे. मोठ्या उपचारांसाठी वणीकडचे लोक नागपूर, तर उमरखेडकडचे नांदेड जवळ करतात. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळे पडले, तर हाडवैद्याकडे न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.