काचतंतूच्या खिडक्या

काशीच्या ब्रह्मा घाटावर, दुर्गा घाटावर आणि पंचगंगेच्या परिसरात मराठी घराण्यांची वस्ती पेशवाईपासून नांदत आली आहे. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांचे नाव ह्या घाटांच्या अठराव्या शतकातील बांधणीशी जोडलेले आहे. त्या काळी येथून पुण्यास निघालेले पत्र जासुदाबरोबर मजल दरमजल करीत जाई. पुढे १८५४ मध्ये कलकत्ता-आग्रा हा तारेचा मार्ग काशीवरून गेला, आणि जासुदाच्या पायांचे काम विजेने पत्करले. आज विजेचीही जागा प्रकाशाने घेतली आहे. काशी ते पुणे हे अंतर सरळ रेषेत सुमारे १२०० किलोमीटर. केसासारख्या बारीक काचतंतूतून प्रकाश ते सेकंदाच्या सहा सहस्रांशांत कापील.

हा प्रकाश मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो तांबड्या रंगापलीकडचा, अवरक्त होय. आणि त्यातही काही ठरावीक तरंगलांबींचेच पट्टे उपयोगात आले. ते कसे ठरले, ह्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

१९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहम ह्यांनी काचतंतूतून दूरवर संदेश धाडता येतील असे प्रतिपादन केले, तेव्हा चांगल्या काचेतही दर तीन मीटरांस निम्मा प्रकाश नष्ट होत असे. दोष काचेचा नसून तीत मिसळलेल्या अशुद्ध द्रव्यांचा आहे, हे कावांचे मर्मग्राही निदान. एक किलोमीटरनंतर शंभरांतला एक भाग उरला तरी पुरे, असे त्यांनी सांगितले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ती मर्यादा ओलांडली. त्याच वर्षी साध्या तपमानात अखंड चालणारे अर्धवाहक लेसर लेनिनग्राड आणि न्यू जर्सी येथे सिद्ध झाले. पुढे व्यवहारात आलेल्या अशा लेसरांचा प्रकाश ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणून पहिला पट्टा तोच झाला. तो काचेला विशेष मानवत होता असे नव्हे; हाताशी दिवा तोच होता! १९७७ मध्ये शिकागोत काचतंतूवरून दूरध्वनी चालले, आणि अवघ्या दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, पुण्यात दोन दूरध्वनी केंद्रे काचतंतूने जोडली गेली. ह्या विद्येतील भारताचा आरंभ महाराष्ट्राच्या भूमीवर झाला, ही गोष्ट महाराष्ट्रातही फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

८५० ची अडचण काय होती, ते ब्रह्मा घाटावरील सूर्योदय पाहणाऱ्यास सहज उमगेल. क्षितिजावरचे बिंब तांबडे दिसते, कारण हवेतून दूर येताना निळा प्रकाश विखुरतो आणि तांबडा टिकून राहतो. काचेतही तोच न्याय: तरंगलांबी दुप्पट झाली की विखुरणे सोळा पटींनी घटते. ८५० चा प्रकाश किलोमीटरभरातच निम्मा होई. काशीहून पुण्यास पोचेतो तो हजाराहून अधिक वेळा निम्मा झाला असता. तेव्हा दीर्घ तरंगांकडे वळणे क्रमप्राप्त होते. १३१० पाशी आणखी एक लाभ दिसून आला. तेथे संदेशाचे ठोके वाटेत पसरून एकमेकांत मिसळत नाहीत. १९८८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी पडलेला पहिला काचतंतू ह्याच पट्ट्यावर चालला. त्यापुढे, १३८३ च्या सुमारास, वाट अडत होती. काचेत अंशमात्र शिरलेल्या पाण्याचा अंश तो प्रकाश शोषून घेई. १६०० च्या पलीकडे काच स्वतःच प्रकाश गिळू लागते. ह्या दोन अडथळ्यांमध्ये, १५५० पाशी, जपानी संशोधकांना १९७९ मध्ये सर्वांत निर्मळ जागा सापडली. तेथे प्रकाश निम्मा होण्यास पंधरा किलोमीटर लागतात.

तरीही काशी-पुणे मार्गावर ऐंशी वेळा निम्मे होणे शिल्लकच राहते. पूर्वी दर टप्प्यावर प्रकाशाची वीज करून पुन्हा प्रकाश करावा लागे. १९८७ च्या सुमारास साउदॅम्प्टन आणि बेल प्रयोगशाळा येथे एर्बियम हे दुर्मीळ मूलद्रव्य काचेत मिसळून प्रकाशाचेच वर्धन साधण्यात आले, आणि योगायोग असा की एर्बियम नेमके १५५० च्या आसपासच काम करते. शिवाय ते अनेक तरंगलांबींना एकाच वेळी बळ देते. त्यामुळे एकाच तंतूतून ऐंशी वेगवेगळे प्रवाह नेता येऊ लागले, आणि सुमारे ऐंशी-शंभर किलोमीटरांवर एक वर्धक पुरेसा झाला. जासुदांच्या काळची टप्प्यांची मांडणी ती हीच. मुक्काम तेवढे लांब झाले.

पट्ट्यांना पुढे अक्षरे मिळाली. १३१० चा तो ओ, म्हणजे मूळचा. १५३० ते १५६५ हा सी, म्हणजे रूढ. त्यांच्या आजूबाजूला ई, एस, एल, यू. पाण्याने अडविलेला तो ई पट्टा. १९९८ नंतर पाणी काढून टाकलेल्या काचेने तोही मोकळा केला. मूळचा म्हणविणाऱ्या ओ च्याही आधी आलेल्या ८५० ला ह्या मालिकेत अक्षर नाही. तो आजही एखाद्या इमारतीत किंवा आवारात, काहीशे मीटरांवर, राबतो आहे. ब्रह्मा घाटाहून पंचगंगेपर्यंत निरोप पोचवावयाचा तर तेवढा प्रकाश पुष्कळ झाला.