गुरुत्वाकर्षणाचा वैरी आणि औंढ्याचे माळरान

१/ नांदेडहून वसमतमार्गे औंढा नागनाथला जाणाऱ्यांना तेथील प्राचीन मंदिर परिचित असते. त्याच परिसरात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या यंत्राच्या पूर्वेतिहासात एक विक्षिप्त देणगीदार उभा आहे. त्याचे आभार मानावेत की नाही, हाच आजचा प्रश्न.

२/ रॉजर बॅबसन हे अमेरिकेतील धनाढ्य शेअरबाजार-विश्लेषक. बालपणी त्यांची बहीण नदीत बुडाली. पुढे १९४७ मध्ये नातूही बुडून गेला. मुलांना पाण्याखाली ओढणारे गुरुत्वाकर्षण हाच मानवजातीचा पहिला शत्रू, असे त्यांच्या मनाने घेतले. १९४८ मध्ये त्यांनी 'ग्रॅव्हिटी रिसर्च फाउंडेशन' स्थापन केले आणि पुढच्याच वर्षापासून निबंधस्पर्धेची पारितोषिके सुरू केली. अपेक्षा अशी की, छत्रीने पाऊस अडवावा तसे गुरुत्वाकर्षण अडवणारे द्रव्य कोणीतरी सुचवेल!

३/ शास्त्रज्ञ हसले. त्यांचे हसणे अवाजवी नव्हते.

४/ १९५३ मध्ये ब्राइस डिविट या तरुण सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाने निबंध पाठविला. असे द्रव्य शोधणे व्यर्थ आहे, आधी गुरुत्वाकर्षणाचे मूलभूत स्वरूप समजून घ्या, असे त्याने देणगीदाराच्याच दारात सुनावले. आणि एक हजार डॉलरचे पहिले पारितोषिक त्यालाच मिळाले! मला या साऱ्या कथेत हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. पैसा बॅबसन यांचा होता. उत्तर मात्र त्यांच्या मनासारखे असावे, अशी सक्ती झाली नाही.

५/ या निबंधामुळे डिविट यांचे नाव ॲग्न्यू बॅन्सन या उद्योगपतीपर्यंत पोहोचले. बॅन्सन यांच्या आश्रयाने नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथे संशोधनसंस्था उभी राहिली आणि जानेवारी १९५७ मध्ये तेथे परिषद भरली. गुरुत्वीय लहरी खरोखर ऊर्जा वाहून नेतात का, हा वाद तेव्हा धुमसत होता. दांडीवर घासत सरकणाऱ्या मण्यांचा दृष्टान्त देऊन रिचर्ड फाइनमन यांनी दाखविले : मणी घासले तर उष्णता निर्माण होणार, म्हणजे लहर ऊर्जा आणतेच. श्रोत्यांत जोसेफ वेबर होते. लहरी पकडण्याची पहिली यंत्रे पुढे त्यांनीच बांधली.

६/ बॅबसन यांचे पारितोषिक पुढे प्रतिष्ठेचे झाले. १९७१ मध्ये ते स्टीफन हॉकिंग यांना मिळाले. १९७७ मध्ये धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे जन्मलेल्या अभय अष्टेकरांना.

७/ १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोने पहिली लहर टिपली. पुढील वर्षी युरी मिल्नर आदी धनिकांनी पुरस्कृत केलेला तीस लाख डॉलरचा विशेष 'ब्रेकथ्रू' पुरस्कार लायगोला लाभला. दहा लाख तिघा संस्थापकांना, वीस लाख १,०१२ सहकाऱ्यांत समसमान. या वाटेकऱ्यांत पुण्याच्या 'आयुका'चे संजीव धुरंधरही होते. कोलाहलातून क्षीण लहर वेगळी काढण्याच्या गणितावर ते १९९१ च्याही आधीपासून झटत होते.

८/ आणि बॅबसन यांचे आभार? बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात त्यांनी दिलेली एक शिला आहे. गुरुत्वाकर्षणावर मात होईल त्या दिवसाची वाट पाहणारी. विश्वरचनाशास्त्रात डॉक्टरेट मिळविणारा विद्यार्थी तिच्यापुढे गुडघे टेकतो आणि मार्गदर्शक त्याच्या डोक्यावर सफरचंद टाकतात. ते अजूनही खालीच पडते.