स्कोअरबुकाची साक्ष : कै. भाऊसाहेब निंबाळकरांचा ४४३ धावांचा डाव

बखरी, शकावल्या, महजर व निवाडपत्रें यांची चर्चा ज्या पानांवर व्हावयाची तेथें आम्हीं क्रिकेटचा विषय आणावा, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु कागदाची योग्यता केवळ त्याच्या वयावरून ठरत नाहीं. प्रसंग घडत असतां लिहिलेला कागद अस्सल व मागाहून ऐकून लिहिलेला दुय्यम, हा आपल्या मंडळींचा नेहमींचा दंडक. या दंडकानें पाहतां स्कोअरबुक, म्हणजे धावांची वही, हें पहिल्या प्रतीचें साधन ठरतें. कारण तींतील प्रत्येक खूण चेंडू पडतांच केलेली असते.

या साधनाकडे वळण्याचें कारण असें. पूर्वींचा फलंदाज तपस्वी होता व आजचा उतावळा आहे, असें कोल्हापुरांतील जुनी मंडळी नेहमीं म्हणतात. शिक्षकाच्या खुर्चीवर असतां आम्हीही मुलांस हेंच सांगत आलों. हा पूर्वपक्ष आंकड्यांपुढें कितपत टिकतो तें पाहूं.

कै. भाऊसाहेब निंबाळकर यांचा जन्म कोल्हापुरास १९१९ सालीं झाला व २०१२ सालीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडविरुद्ध रणजी करंडकाच्या सामन्यांत महाराष्ट्रातर्फे खेळतांना त्यांनीं नाबाद ४४३ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत चारशेंचा पल्ला ओलांडणारा भारतीय फलंदाज आजवर हा एकच. या डावास ४९४ मिनिटें लागलीं. म्हणजे तासास सुमारें ५४ धावा पडल्या. या गतीस संथ कोण म्हणेल? सर डोनाल्ड ब्रॅडमन यांच्या १९३० सालच्या नाबाद ४५२ धावांस ४१५ मिनिटें लागलीं होतीं. तेव्हां जुना फलंदाज केवळ चिकाटीनें उभा राहत असे, हें म्हणणें येथेंच लंगडें पडतें.

खरा भेद दुसऱ्या रकान्यांत आहे. निंबाळकरांचे चौकार ४९ व षट्कार एकच. ब्रॅडमन यांचेही चौकार ४९, षट्कार एकही नाहीं. आतां २०२२ च्या नोव्हेंबरांतील एक डाव घेऊं. अहमदाबादेस उत्तर प्रदेशाविरुद्ध महाराष्ट्राचे ऋतुराज गायकवाड यांनीं १५९ चेंडूंत नाबाद २२० धावा केल्या. त्यांत चौकार १० व षट्कार १६. त्यांपैकीं सात षट्कार एकाच षटकांत पडले, कारण त्यांत एक नो-बॉल होता. निंबाळकरांच्या धावांपैकीं २०२, म्हणजे शेंकडा ४६, सीमापार फटक्यांच्या. गायकवाडांच्या १३६, म्हणजे शेंकडा ६२. जुना फलंदाज चेंडू जमिनीसरसा ठेवून निम्म्याहून अधिक धावा पळून काढी. नवा चेंडू हवेंत उचलतो. जाड झालेली बॅट व दोरीनें जवळ आणिलेली सीमा यांचाही यांत वांटा आहे. परंतु मुख्य कारण वेळेची मर्यादा हेंच होय.

कोल्हापूरकरांस हें कुस्तीवरून चटकन उमगेल. खासबागेच्या मातींत निकाली कुस्ती लढणारा मल्ल प्रतिस्पर्ध्यास दमवून मग डाव टाकतो. मॅटवर घड्याळ लावून गुणांची कुस्ती लढणाऱ्यास दमवीत बसण्यास सवड नसते. स्वभाव बदलला म्हणून रीत बदलली असें नव्हे. निकालाचा नियम बदलला म्हणून रीत बदलली.

रणजी करंडकाच्या जुन्या बाद पद्धतींत सामना अपुरा राहिल्यास पहिल्या डावांतील आघाडीवर निकाल लागे. यामुळें प्रचंड धावसंख्या उभारणें हाच मुख्य डावपेंच ठरला. पुण्यांत संस्कृतचे प्राध्यापक असलेले कै. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें करंडक जिंकिला. पैकीं दुसऱ्या वर्षीं मुंबईच्या ६५० धावांविरुद्ध महाराष्ट्राच्या ६७५ धावा झाल्या आणि त्या २५ धावांनीं सामन्याचा निर्णय झाला. सांगलीस जन्मलेले विजय हजारे यांनीं १९३९-४० मध्यें बडोद्याविरुद्ध काढलेल्या नाबाद ३१६ धावा याच रीतीच्या. मार्च १९४९ मधील मुंबई-महाराष्ट्र सामना तर निकाल लागेतों सात दिवस चालला व त्यांत एकंदर २,३७६ धावा झाल्या.

या दृष्टीनें १९४८ च्या सामन्याचा वादग्रस्त शेवट पुन्हां तपासावा लागतो. निंबाळकर ४४३ वर असतां, ब्रॅडमन यांचा विक्रम मोडण्यास अवघ्या दहा धावा हव्या असतांना, काठेवाडचे संघनायक राजकोटचे ठाकोरसाहेब यांनीं सामना सोडून दिला. त्यांच्या या कृत्यास आम्हीही आजवर निव्वळ कोतेपणा म्हणत आलों. परंतु काठेवाडच्या धावा २३८ व महाराष्ट्राच्या चार गडी बाद ८२६, म्हणजे आघाडी ५८८ धावांची होती. पुढील फलंदाजीनें निकालांत तिळमात्र फरक पडणार नव्हता. ती केवळ विक्रमासाठीं होती. ठाकोरसाहेबांचें औदार्य कमी पडलें हें खरेंच. पण नियमानें जिंकलेला सामना लांबविण्यास महाराष्ट्रासही कांहीं अटकाव नव्हता, हें विसरून एकट्यावर ठपका ठेवणें न्याय्य नव्हे.

उलट उदाहरणही आहे. ऑक्टोबर २०१६ मध्यें मुंबईस दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे व अंकित बावणे यांची अभेद्य भागीदारी ५९४ धावांची झाली असतां महाराष्ट्रानें दोन बाद ६३५ वर डाव घोषित केला. भागीदारीचा ६२४ धावांचा जागतिक विक्रम गांठण्यास तीसच धावा उणें होत्या. आतां साखळी पद्धतींत आघाडीचे गुण थोडे व निर्णायक विजयाचे अधिक. म्हणून वेळ हेंच धन झालें. ज्यांस आपण उतावळे म्हणतों त्याच पिढीनें हा संयम दाखविला.

गोलंदाजीचीही हीच कथा. कोल्हापूरचे सदाशिव पाटील हे मध्यमगती गोलंदाज १९५५ सालीं मुंबईस न्यूझीलंडविरुद्ध आपला एकमेव कसोटी सामना खेळले. त्यांनीं दोन गडी बाद केले. फिरकी टाकणाऱ्या सुभाष गुप्ते यांनीं आठ. नव्या चेंडूची लकाकी घालवून तो फिरकीकडे सोंपविणें, एवढेंच काम त्या काळीं वेगाच्या वांट्यास येई. त्याच कोल्हापूरच्या अनुजा पाटील २०१२ सालापासून भारताकडून वीस षटकांच्या सामन्यांत ऑफ-स्पिन टाकूं लागल्या. तेथें गोलंदाजास चारच षटकें मिळतात. गडी मोहांत पाडण्यापेक्षां धाव अडविणें अधिक मोलाचें.

शेवटीं एक कबुली. ज्या शाळेंत आम्हीं आयुष्य घालविलें तेथील आंतरशालेय सामन्यांच्या वह्या आमच्याच हातीं असत. एका सुटींत कपाटें मोकळीं करितांना त्या वह्या रद्दींत गेल्या. आम्ही तेथें उभे होतों व कांहीं बोललों नाहीं. कारण त्या वेळीं आम्हांस मोडी कागदच तेवढा कागद वाटे. मोठ्या सामन्यांचे आंकडे छापून राहिले, म्हणून वरील विवेचन करितां आलें. कोल्हापूरच्या पेठांतील व शाळांतील खेळाची साक्ष मात्र अशाच वह्यांत आहे. संग्राहक वाचकांच्या माळ्यावर अशी एखादी वही असेल, तर दप्तराच्या रुमालांत तिलाही जागा द्यावी, ही विनंति.