अंतराळांतील गोळे आणि हायस्कुलांतील विद्यार्थी

एखादें मोलाचें यंत्र विद्वानांनीं वर्षानुवर्षें खपून तयार करावें, तें पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर नेऊन ठेवावें, आणि मग तें चालविण्याचें काम हायस्कुलांतील मुलांच्या हातीं द्यावें, ही गोष्ट कोणाही जबाबदार माणसास प्रथमदर्शनीं धाडसाची वाटेल. परंतु अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेनें २००९ सालीं नेमकें हेंच केलें, आणि त्यांतूनच ‘झीरो रोबॉटिक्स’ ही स्पर्धा उदयास आली. मुलांवर टाकलेल्या या विश्वासास आधार कोणता होता, हें त्या स्पर्धेच्या इतिहासांत पाहण्यासारखें आहे.

या इतिहासाचा आरंभ एका चित्रपटापासून होतो. १९९९ सालीं त्या संस्थेंतील प्राध्यापक डेव्हिड मिलर यांनीं आपल्या विद्यार्थ्यांना ‘स्टार वॉर्स’ या १९७७ सालच्या बोलपटांतील एक प्रसंग दाखविला. त्यांत तरुण नायक तलवारीचा सराव करीत असतां एक लहानसा गोळा त्याच्याभोंवतीं आपोआप तरंगत असतो. असा गोळा खरोखरीच तयार करावा, असें काम मिलर यांनीं वर्गापुढें ठेविलें. वरवर हा पोरखेळ दिसला तरी त्यामागील हेतु गंभीर होता. दोन उपग्रहांनीं मनुष्याच्या हातावांचून एकमेकांजवळ यावें, ठराविक अंतर राखून फिरावें, प्रसंगीं जोडलेंही जावें, ही विद्या हस्तगत करावयाची तर ती प्रथम लहान व सुरक्षित यंत्रांवर पारखून घेणें जरूर होतें.

या खटपटीचें फळ म्हणजे ‘स्फीअर्स’ या नांवाचे छोटे उपग्रह. प्रत्येकाचा आकार साधारण चेंडूसारखा, अठरा बाजूंचा, व वजन सुमारें ४ किलो. पोटांत एक लहानसा संगणक, साधे विजेचे सेल, आणि कार्बन डायऑक्साइड वायूची एक टाकी. बारा बारीक तोंडांतून हा वायु बाहेर सोडला कीं त्याच्या उलट धक्क्यानें गोळा सरके किंवा वळे. आपण कोठें आहों हें तो कानांना ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींवरून ओळखी. २००६ सालीं असे तीन गोळे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकांत पोंचले. ते बाहेरच्या निर्वात पोकळींत न जातां स्थानकाच्या दालनांतच, अंतराळवीरांच्या देखरेखीखालीं, तरंगत असत. अंतराळवीर ग्रेगरी शामिटॉफ यांनीं २००८ सालीं तेथें राहून या गोळ्यांवर प्रयोग केले, आणि पुढें स्पर्धेच्या स्थापनेसही त्यांनीं हातभार लाविला.

२००९ सालच्या पहिल्या प्रयोगांत आयडाहो संस्थानांतील केवळ दोन शाळा होत्या. पुढच्या वर्षीं अमेरिकेंतील इतर शाळांस प्रवेश मिळाला, व २०११ सालीं युरोपीय अंतराळ संस्थेच्या साहाय्यानें युरोपांतील विद्यार्थीही आले. कालांतरानें रशिया व ऑस्ट्रेलिया येथील शाळांचीही त्यांत भर पडली.

विद्यार्थ्यांनीं करावयाचें तें काय? दरवर्षीं एक कल्पित कामगिरी दिली जाई. २०११ सालच्या स्पर्धेंत ती लघुग्रहावरील खाणकामाची होती. ती पार पाडण्यासाठीं गोळ्यानें केव्हां कोणीकडे जावें, प्रतिस्पर्धी आडवा आल्यास काय करावें, वायु किती खर्चावा, हें सर्व संगणकास समजेल अशा आज्ञांच्या भाषेंत लिहावयाचें. सामना सुरू झाला कीं कोणासही हात लावण्याची मुभा नसे. अंतराळवीरानें गोळे जागेवर सोडावे, सेल व टाक्या बदलाव्या, आणि दूर व्हावें. पुढें जें होईल तें मुलांनीं आधीं लिहून ठेविलेल्या आज्ञांप्रमाणेंच होई.

येथें न्यूटनचे नियम पुस्तकांतून उठून समोर उभे राहात. जमिनीवर ढकललेली वस्तु घर्षणानें थांबते. तेथें एकदां दिलेला धक्का उलट धक्का मिळेपर्यंत संपत नाहीं. म्हणून निघण्यास लागणाऱ्या वायूबरोबर थांबण्याचा वायुही हिशेबांत धरावा लागे. घाईनें निघालेला गोळा आपल्या मुक्कामापलीकडे निघून जाई, आणि तो परत आणतांना वायूचा सांठा आणखी कमी होई.

मुलांवर टाकलेला विश्वास आंधळा नव्हता. प्रत्येक आज्ञावली प्रथम संगणकावरील आभासी गोळ्यावर चालवून पाहिली जाई. तेथें चुका कितीही झाल्या तरी नुकसान होत नसे. आरंभीं खेळ सपाट पृष्ठावरचा असे, मग लांबी, रुंदी व उंची अशा तीन दिशांचा होई. या चाळणींतून जे संघ टिकत त्यांस तीन-तीनच्या गटांत एकत्र बांधलें जाई. आणि काल ज्यांच्याशीं झुंज दिली त्यांच्याशींच आज मिळून एक आज्ञावली लिहावी लागे. अनेकदां हे सोबती दुसऱ्या गांवचे, कधीं दुसऱ्या देशाचेही असत. आपली युक्ति बाजूस ठेवून दुसऱ्याची अधिक चांगली युक्ति पत्करणें, हा धडा आज्ञा लिहिण्याच्या धड्याहून सोपा नव्हता.

२३ जानेवारी २०१२ रोजीं २०११ सालच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. स्थानकांत त्या वेळीं अमेरिकेचे डॉन पेटिट व हॉलंडचे आंद्रे कायपर्स हे अंतराळवीर होते. अमेरिकन मुलें मॅसॅच्युसेट्स येथें व युरोपीय मुलें हॉलंडमधील नॉर्डवाइक येथें पडद्यासमोर बसून हा सामना पाहात होतीं. महिनोन्महिने घडविलेलें काम डोळ्यांदेखत चालावें आणि चूक दिसली तरी ती सुधारतां येऊं नये, याहून कठोर परीक्षा शाळेंत क्वचितच होते.

यंत्रांसही वार्धक्य असतें. २०१९ सालीं स्थानकांत ‘ॲस्ट्रोबी’ या नांवाचीं नवीं यंत्रें दाखल झालीं. हीं सुमारें ३२ सेंटिमीटर बाजूचीं घनाकृति असून वायूच्या टाकीऐवजीं पंख्यांच्या झोतावर चालतात. जुन्या गोळ्यांचें काम त्यांनीं हातीं घेतलें, आणि विद्यार्थ्यांची स्पर्धाही पुढें त्यांच्यावर चालूं लागली.

वर्गांतील एका कल्पनेपासून निघालेलें यंत्र अशा रीतीनें पुन्हां शाळकरी मुलांपर्यंत येऊन पोंचलें. एकीकडे मुलांना खरें काम दिलें गेलें. दुसरीकडे त्यापूर्वीं चुका करण्यास पुरेशी जागा व वेळही दिला गेला. यांपैकीं एकच गोष्ट केली असती, तर स्पर्धा धोक्याची तरी ठरती किंवा पोकळ तरी. दोन्ही केल्या म्हणूनच पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनीं लिहिलेल्या ओळींनीं अंतराळांतील यंत्रें हललीं.